बंदीची फांदी कुठे होती?

भागीदारांनी निर्णयवृक्ष काढला तेव्हा आमच्या खळ्यावर लाल कांद्याची प्रतवारी चालू होती. डिसेंबर 2023 चा पहिला आठवडा. ऑर्डर हातात नसताना निर्यातीचा माल भरायचा की थांबायचं, एवढाच प्रश्न. भागीदार साहेब पुण्याहून लॅपटॉप घेऊन आले. चौकोन म्हणजे आपला निर्णय, वर्तुळ म्हणजे आपल्या हातात नसलेलं, आणि वर्तुळातून निघणाऱ्या प्रत्येक फांदीला टक्केवारी. दर चढला तर क्विंटलमागे 400 रुपये नफा, शक्यता 70 टक्के. उतरला तर 300 तोटा, शक्यता 30 टक्के. सरासरी 190 रुपये नफा. "भरून टाका."

मी एवढंच विचारलं, "आणि निर्यात बंद झाली तर?" 2019 च्या सप्टेंबरात झाली होती, 2020 च्याही. 2023 च्या ऑगस्टात 40 टक्के शुल्क लागलं, ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यातमूल्य. साहेब म्हणाले, "दादा, पॉलिसीला प्रोबॅबिलिटी लावता येत नाही." म्हणून ती फांदीच काढली नाही! म्हणजे शक्यता शून्य धरली की. धाकटा भाऊ त्यांच्या बाजूने बोलला आणि माल भरला गेला.

8 डिसेंबरला निर्यातबंदी लागली. लाल कांदा काही उन्हाळसारखा चाळीत टिकत नाही. मिळेल त्या भावाने काढावा लागला, क्विंटलमागे साधारण 1500 गेले. त्याचं दुःख आहेच, पण खरा डोक्यात गेला तो साहेबांचा फोन. "डिसिजन बरोबरच होता दादा, आउटकम वाईट आला." पुस्तकात हे वाक्य खरं असेल. पण ज्या शक्यतेला झाडावर जागाच दिली नव्हती, तिच्याबद्दल ते बोलायला तोंड लागतं.

टक्के ठरवता येत नसतील तर उलटं गणित करा: किती टक्क्यांना उत्तर फिरतं? आमच्या झाडाला 1500 तोट्याची फांदी जोडली, तर बंदीची शक्यता 11 टक्क्यांच्या थोडी पुढे सरकताच 190 चा सगळा नफा संपतो. अकरा टक्के! पिंपळगावच्या बाजारात चहा पिणाऱ्या कुणीही याहून जास्तच सांगितली असती.

सरासरीला भुलू नका. 190 हा आकडा आमच्या एकाही फांदीच्या टोकाला नव्हता. शंभर सौदे करणाऱ्याला तो मिळत असेल. ज्याचं कॅश क्रेडिट एकाच सौद्यात अडकतं, त्याने सगळ्यात वाईट टोक आधी बघावं. मध्ये आणखी एक चौकोनही ठेवा: थोडा माल भरा, आठवड्याने पुन्हा ठरवा. सॉफ्टवेअर लागत नाही, कागद पुरतो.

आणि झाड काढणाऱ्याचे स्वतःचे किती पैसे लागलेत, ते आधी विचारा. आमच्या साहेबांचा वाटा 20 टक्के होता.