उधारीचे बळ

(ताण बरेच दिवस टिकला तर शरीरात काय घडते आणि अशा वेळी अन्न व विश्रांती यांचा कसा आधार होतो, हे या पाठात एका शिक्षिकेने सांगितले आहे.)



आमचे मालेगाव हे यंत्रमागांचे शहर आहे. येथे मध्यरात्रीसुद्धा मागांचा खटखट आवाज ऐकू येतो. आमच्या शाळेतील कितीतरी मुले याच आवाजात अभ्यास करतात आणि याच आवाजात झोपी जातात.

जानेवारी २०२४ मधील गोष्ट. मी दहावीच्या वर्गात कविता शिकवत होते. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उत्तर द्यायला उभी राहिली आणि लगेच खाली बसली. तिला चक्कर आली होती. मी तिला पाणी दिले आणि विचारले, "सकाळी काय खाल्लेस?"

"चहा घेतला, मॅडम."

"आणि रात्री झोपलीस केव्हा?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "एक वाजता. पाचला उठले."

हळूहळू सारी हकीकत कळली. तिचे वडील ज्या कारखान्यात काम करत, तो चार महिन्यांपासून बंद होता. आई घरी कांड्या भरत असे. शाळेतून आल्यावर मुलगीही तिला हातभार लावी आणि रात्री उशिरा अभ्यासाला बसे. झोप येऊ नये म्हणून ती दोन-तीन कप चहा पिई. "पूर्वी माझे पाठांतर चांगले होते. आता काहीच लक्षात राहत नाही. मी आळशी झाले आहे," असे ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

मुलांनो, ती आळशी नव्हती. तिचे शरीर थकले होते.

ताण म्हणजे काय, हे मालेगावच्या मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. मागावरच्या सुताला ताण लागतोच. तो नसेल तर कापड विणले जात नाही; पण तो फार वाढला तर सूत तुटते. माणसाचेही तसेच आहे.

समजा, तुम्ही रस्त्याने चालला आहात आणि अचानक एक कुत्रा भुंकत अंगावर आला. तुमची छाती धडधडते, श्वास वाढतो, तोंडाला कोरड पडते. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या वर एकेक लहान ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. संकटाच्या वेळी या ग्रंथी ॲड्रेनालीन आणि कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात सोडतात. त्यामुळे रक्तातील साखर वाढते आणि पळायला बळ येते. कुत्रा निघून गेला की शरीर पुन्हा शांत होते.

परंतु परीक्षेची काळजी, घरातील आजारपण किंवा वडिलांची बेकारी अशी क्षणात निघून जात नाही. ती महिनोन्महिने राहते. मग काय होते? हान्स सेली नावाच्या शास्त्रज्ञाने कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात उंदरांवर प्रयोग करून याचा शोध घेतला. थंडी, जखम, अतिश्रम असे निरनिराळे त्रास दिले, तरी उंदरांच्या शरीरात सारखेच बदल दिसले. त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी वाढल्या होत्या आणि पोटात व्रण पडले होते. १९३६ साली त्याने हे निष्कर्ष 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्याने ताणाच्या तीन अवस्था सांगितल्या. प्रथम शरीर सावध होते, नंतर ते दम धरून टक्कर देते आणि ताण संपलाच नाही तर शेवटी थकून जाते.

ताणात मिळणारे बळ हे असे उधारीचे असते. वाण्याच्या वहीत उधारी लिहिलेली असते, तशीच ती शरीराच्या वहीतही लिहिली जाते. ती फेडायची कशी? पोटभर अन्नाने आणि पुरेशा झोपेने.

आधी अन्नाचे पाहू. आपल्या मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के असते. पण शरीराला लागणाऱ्या शक्तीपैकी सुमारे वीस टक्के शक्ती तो एकटाच वापरतो. उपाशीपोटी अभ्यासात लक्ष लागत नाही, ते यामुळेच. चांगले अन्न महागच असते असे नाही. बाजरीची भाकरी, डाळ, मोड आलेली मटकी, शेंगदाणे, फुटाणे, मेथी, केळी, जमल्यास एखादे अंडे, एवढे पुष्कळ झाले.

चहा मात्र बळ देत नाही. तो फक्त थकवा झाकतो. संध्याकाळी घेतलेल्या चहाचा अंमल रात्रीपर्यंत टिकतो आणि झोप उडते. शिवाय जेवणासोबत चहा घेतला, तर अन्नातील लोह नीट अंगी लागत नाही. म्हणून जेवण आणि चहा यांत निदान एक तासाचे अंतर ठेवावे. डाळीवर किंवा भाजीवर लिंबू पिळले, तर लोह अधिक चांगले शोषले जाते.

आता झोपेचे. तुमच्या वयाला रोज आठ ते दहा तास झोप हवी. दिवसा वाचलेले रात्रीच्या झोपेत मेंदूत पक्के होते. जो झोप मोडून पाठांतर करतो, तो एका हाताने भरतो आणि दुसऱ्या हाताने सांडतो. अर्धा तास मैदानावर खेळणे किंवा मोकळ्या हवेत चालणे, यानेही शरीर हलके होते आणि झोप चांगली लागते.

आमच्या त्या विद्यार्थिनीला तिच्या आईने दवाखान्यात नेले. रक्ततपासणीत तिचे हिमोग्लोबिन नऊ ग्रॅम निघाले. तुमच्या वयाच्या मुलींचे ते निदान बारा असावे लागते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. संध्याकाळी कांड्या भरण्याचे काम धाकट्या भावाने वाटून घेतले. मुलगी साडेनऊला झोपू लागली आणि पहाटे साडेपाचला उठून अभ्यास करू लागली. दप्तरात फुटाण्यांची पुडी असे.

त्या वर्षी मार्चमध्ये परीक्षा चालू असतानाच रमजान सुरू झाला. तिने मला विचारले, "आता काय करू?" मी म्हणाले, "आजारी माणसाला रोज्यांतून सवलत आहे. डॉक्टरांना आणि घरच्या मोठ्यांना विचार." डॉक्टरांनी तिला त्या वर्षी रोजे ठेवू नकोस, असे सांगितले. ते तिला जड गेले. पण तिने ऐकले. तिच्या मैत्रिणींना मी एवढेच सांगितले, की सेहरी चुकवू नका, इफ्तारनंतर भरपूर पाणी प्या आणि मोडलेली झोप दुपारी भरून काढा.

ती पास झाली. कारखाना मात्र तोवर उघडला नव्हता. हे मुद्दाम सांगते. कारण अन्न आणि झोप यांनी घरची अडचण दूर होत नाही. ती सोसण्याचे आणि तिच्यावर विचार करण्याचे बळ मात्र मिळते.

मित्रांनो, नीट खाऊन, झोपूनही मन सतत उदास राहिले तर ते लपवू नका. आईवडिलांना सांगा, शिक्षकांना सांगा. सरकारच्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. त्यावर विनामूल्य बोलता येते.

उर्दूत तुम्ही 'तबीयत' म्हणता, मराठीत आम्ही 'तब्येत' म्हणतो. शब्द एकच आहे. आज घरी गेल्यावर स्वतःलाच विचारा, "तब्येत कशी आहे?" आणि उत्तर खरे द्या.

शब्दार्थ
कांडी – सूत गुंडाळलेली लहान नळी
मूत्रपिंड – गुर्दा
व्रण – जखम
अंमल – परिणाम, असर
सोसणे – सहन करणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुलगी स्वतःला आळशी का समजत होती?
(आ) हान्स सेली याने ताणाच्या कोणत्या तीन अवस्था सांगितल्या?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) ताणातील बळाला लेखिकेने 'उधारीचे बळ' का म्हटले आहे?
(आ) जेवणासोबत चहा का घेऊ नये?

३. वाक्यांत उपयोग करा.
हातभार लावणे, दम धरणे, डोळे भरून येणे.

४. उपक्रम : एक आठवडा रोज किती तास झोपलात आणि सकाळी काय खाल्ले, याची नोंद वहीत ठेवा व वर्गात वाचून दाखवा.