प्रक्रियकाची सुरक्षा-दुरुस्ती आणि विदागाराचा वेग

सिल्वासा हे दादरा व नगर हवेली जिल्ह्याचे मुख्यालय होय. या जिल्ह्यातील अनेक आदिवासी कुटुंबांचा कसत असलेल्या जमिनीवरील हक्क १९७१ च्या भूमिसुधारणा विनियमावर आधारलेला आहे. त्या हक्काचा आधार म्हणजे शासकीय दप्तरातील नोंद. देशभर असे अभिलेख आता संगणकाच्या विदागारात ठेवले जातात. नोंद सुरक्षित राहणे आणि दुधनी-खानवेलहून आलेल्या खातेदारास तिचा उतारा वेळेवर मिळणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या आहेत. परंतु कधी कधी एकीसाठी दुसरीची किंमत मोजावी लागते. जानेवारी २०१८ मध्ये उघडकीस आलेले ‘मेल्टडाउन’ व ‘स्पेक्टर’ हे दोष त्याचे बोलके उदाहरण होय.

दोषाचे स्वरूप

संगणकातील आज्ञांचे पालन करणाऱ्या भागास प्रक्रियक म्हणतात. वेळ वाचविण्यासाठी तो पुढील कामाचा अंदाज बांधून ते आगाऊ करून ठेवतो. अर्जदाराचा अधिकार तपासण्यापूर्वीच कारकुनाने दप्तरखान्यातून फाईल काढून ठेवावी, तसाच हा प्रकार. अंदाज चुकल्यास फाईल परत जाते. तथापि तिच्या खुणा मागे उरतात. प्रक्रियकाच्या जलद स्मृतीत अशाच खुणा राहतात. कोणती माहिती किती वेळात हाती येते हे मोजून, अधिकार नसलेला कार्यक्रमही गुप्त मजकूर ओळखू शकतो. मेल्टडाउनची झळ मुख्यतः इंटेलच्या प्रक्रियकांना लागली. स्पेक्टरची इंटेल, एएमडी व आर्म या तिन्ही प्रकारांना.

वेग का मंदावतो?

मेल्टडाउनवरील दुरुस्तीने कार्यप्रणालीच्या गाभ्याची स्मृती इतर कार्यक्रमांपासून वेगळी केली. जणू कारकुनाचे मेज व दप्तरखाना यांच्यामध्ये कुलूपबंद दार बसविले. मेजावर बसून केवळ हिशेब करणाऱ्यास त्याचा फारसा त्रास होत नाही. विदागाराचे काम मात्र निराळे आहे. प्रत्येक मागणी स्वीकारणे, चकतीवरून नोंद वाचणे व उत्तर पाठविणे यासाठी त्यास वारंवार गाभ्याकडे जावे लागते आणि प्रत्येक खेपेस ते दार उघडावे लागते.

जानेवारी २०१८ मध्ये ‘पोस्टग्रेस’ या विदागार-प्रणालीवर केवळ वाचनाच्या छोट्या मागण्यांची चाचणी घेण्यात आली. तीत वेग सुमारे १७ टक्क्यांनी घटला. स्मृतीच्या पत्त्यांची नोंद टिकवून धरणारी ‘पीसीआयडी’ ही प्रक्रियकातील सोय बंद ठेवली असता ही घट सुमारे २३ टक्के झाली. म्हणजे जेथे १०० मागण्या पुऱ्या होत, तेथे अनुक्रमे ८३ व ७७ होऊ लागल्या. मागण्या मोठ्या व संख्येने थोड्या असल्यास घट याहून कमी असते.

उपाययोजना

रांग वाढली म्हणून दुरुस्ती बंद करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु एकाच यंत्रावर अनेक विभागांची कामे चालत असल्यास एका ठिकाणच्या शिथिलतेने सर्वांचेच दप्तर उघडे पडते. त्याऐवजी पुढील मार्ग अनुसरणे हिताचे ठरते.

१. दुरुस्ती प्रथम चाचणीच्या यंत्रावर बसवावी आणि गर्दीच्या वेळेइतका भार देऊन आधीचा व नंतरचा वेग मोजावा.

२. अनेक छोट्या मागण्या एकत्र पाठवाव्यात. विदागाराशी जोडलेले मार्ग दर वेळी नव्याने न उघडता पुन्हा वापरावेत.

३. कार्यप्रणाली अद्ययावत ठेवावी व ‘पीसीआयडी’ सोय चालू असल्याची खात्री करावी.

४. नवी यंत्रे घेताना मेल्टडाउनचा बंदोबस्त मुळातच असलेले प्रक्रियक निवडावेत आणि क्षमतेत थोडी शिल्लक धरावी.

असे दोष यानंतरही आढळत राहिले; ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झालेला ‘डाउनफॉल’ हा त्यांपैकीच एक. म्हणून दुरुस्तीचा भार हा अपवाद न मानता नियोजनाचाच भाग समजला पाहिजे. उतारा काही क्षण उशिरा मिळाला तर खातेदार थांबू शकतो. पण नोंदीचे संरक्षण करणारी भिंतच ढासळली तर त्याचा हक्क धोक्यात येतो.