विश्वासाचे वतन

(वाचावयाचे शास्त्रभाग : शास्ते २.६-१२, २ तीमथ्य १.१-७. घरी वाचण्यासाठी : अनुवाद ६.४-९, यहोशवा ४.)



‘वतन’ म्हणजे काय हे आपल्या खेड्यापाड्यांत कोणास समजावून सांगावे लागत नाही. पाटीलकी, कुलकर्ण, महारकी ही वतने बापामागून मुलाकडे चालत येत. त्यासाठी मुलाने काही समजून घ्यावे लागत नसे. दप्तरी नाव चढले की तो वतनदार होई. महारकीसारखी वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. पण शब्द लोकांच्या तोंडी राहिला. मराठी पवित्र शास्त्रातही देव आपल्या लोकांस जो वारसा देतो त्यास ‘वतन’ म्हटले आहे. तेव्हा या पाठात एकच प्रश्न आपणांपुढे ठेवितो : विश्वासाचे वतन मुलांस कसे मिळते? मंडळीच्या रजिस्टरात नाव चढल्याने मिळते काय?

१. जी पिढी ओळखीवाचून वाढली

शास्ते या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात एक दुःखाची गोष्ट थोडक्यात सांगितली आहे. यहोशवा व त्याच्या काळचे वडील मरण पावले, आणि जी पुढली पिढी उठली तिला परमेश्वराची आणि त्याने केलेल्या कार्यांची ओळख नव्हती. ही मुले परदेशात वाढली नव्हती. वचनदत्त भूमीतच, बापजाद्यांनी मिळविलेल्या शेतांवर ती वाढली. यार्देनेतून उचललेले बारा धोंडे गिलगाल येथे उभे होते. परंतु ते धोंडे कशासाठी उभे केले होते? मुलांनी विचारावे आणि बापांनी उत्तर द्यावे, यासाठी. ज्या घरात कोणी उत्तर देत नाही, त्या घरच्या मुलांस तो नुसता धोंडाच.

आपली गोष्ट याहून फार निराळी आहे काय? अमेरिकन मराठी मिशनचे काम अहमदनगरात १८३१ साली सुरू झाले. म्हणजे आपल्या जिल्ह्यात किती पिढ्या होऊन गेल्या! पहिल्या पिढीतील कित्येकांस आप्तांनी टाकिले, कित्येकांचे गावचे हक्क गेले. आज गावोगाव उपासनामंदिरे आहेत. मुलांची नावे दानिएल, रूथ, शमुवेल अशी आहेत. पण आमच्या घरात प्रथम कोणी बाप्तिस्मा घेतला, का घेतला आणि त्यापायी काय सोसले, हे त्यांतील किती मुले सांगतील? नाव खाली आले आणि ओळख वरच राहिली, तर शास्ते दुसऱ्या अध्यायाची गोष्ट आपल्याच वस्तीत घडली असे समजावे.

२. नगरच्या एका घराचा दाखला

रे. नारायण वामन टिळक यांची पदे आपण उपासनेत नेहमी गातो. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईस झाला. त्या वेळी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर आल्या नाहीत. सुमारे पाच वर्षे दोघांचा वियोग झाला. लक्ष्मीबाई पुन्हा पतीजवळ येऊन राहिल्या, तरी त्या लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. जातिभेदाविषयी त्यांनी स्वतः विचार केला, जे पटले ते धरिले, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. टिळकांचा विश्वास त्यांच्या गळ्यात कोणी बांधला नाही. तो त्यांचा स्वतःचा झाला.

लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्यांस अक्षरओळख टिळकांनी करून दिली. पुढे टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र लिहावयास घेतले, परंतु आरंभीचे थोडे अध्याय होतात न होतात तोच १९१९ साली ते प्रभूकडे गेले. काम अर्धेही झाले नव्हते. ते लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि चौसष्ट अध्याय रचिले. १९३६ साली त्यांचेही देहावसान झाले. शेवटचा, शहात्तरावा अध्याय त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी लिहून ग्रंथ पूर्ण केला. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचा चौथा भागही त्यांच्या पश्चात निघाला, आणि पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी त्या ग्रंथाची संपूर्ण आवृत्ती संपादिली.

येथे नीट लक्ष द्यावे. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती पत्करिली होती. अशा मनुष्याने मागे काय ठेविले? एक अपुरे काम, आणि ते पुढे नेऊ शकतील अशी शिकविलेली माणसे. टिळकांनी पत्नीस अक्षरे शिकविली नसती, तर ‘ख्रिस्तायन’ त्यांच्याबरोबरच थांबले असते.

३. आजी, आई आणि ज्यांस मूल नाही ते

पौल तीमथ्याच्या विश्वासाचे मूळ दाखवितो तेव्हा आजी लोईस व आई युनीके यांची नावे घेतो. बाप हेल्लेणी होता, एवढेच प्रेषितांच्या कृत्यांत (१६.१) कळते. म्हणून ज्या बहिणी एकट्याच विश्वासात आहेत, त्यांनी निराश होऊ नये. आणि ‘मला वाचता येत नाही, मी मुलांस काय शिकवू?’ असे ज्या म्हणतात, त्यांनी प्रभूने आपणांसाठी काय केले तेवढे तरी नातवंडांस सांगावे. त्यास पुस्तक लागत नाही.

ज्यांस मूलबाळ नाही त्यांनी पौलाकडे पाहावे. तीमथ्य त्याच्या रक्ताचा नव्हता, तरी त्यास तो आपले लेकरू म्हणतो. पंडिता रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमाबाई १९२१ साली वारली, आणि पुढच्याच वर्षी रमाबाईही गेल्या. रक्ताचा वारस उरला नाही. तरी केडगावचे मुक्ति मिशन आजही चालू आहे. जे उपदेशक दुसऱ्यांच्या मुलांस शिकविण्यात आयुष्य घालवितात, त्यांनी हे मनात धरावे.

४. आता काय करावे?

(अ) प्रत्येक घरी आठवड्यातून एकदा तरी कौटुंबिक उपासनेत घराण्याचा विश्वास कसा सुरू झाला ते सांगावे. हालअपेष्टा झाल्या असतील त्या लपवू नयेत; भांडणे व चुका झाल्या असतील त्याही लपवू नयेत. मुलांस खरे ओळखता येते.

(आ) उपदेशकांनी एक वही करावी आणि मंडळीतील वृद्धांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत लिहून घ्याव्या. हे काम पुढल्या हंगामावर टाकू नये. वृद्ध माणसे थांबत नाहीत.

(इ) तरुणांच्या हाती काम द्यावे. वाचन, प्रार्थना, भजनाची तयारी त्यांस करू द्यावी. आरंभी चुकतील. वडिलांनी मरेपर्यंत सारे आपल्याच हाती ठेविले, तर मागून ते कोण उचलणार?

(ई) जबरदस्ती करू नये. पुण्या-मुंबईस गेलेला मुलगा उपासनेस जात नाही म्हणून पत्रोपत्री त्यास बोल लावू नये. त्याच्यासाठी प्रार्थना करावी, आणि तो सुटीत घरी येईल तेव्हा घरची प्रार्थना चालू असलेली त्यास दिसावी.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घराण्यात प्रथम बाप्तिस्मा कोणी घेतला? तो कसा, हे घरातील सर्वांत लहान मुलास ठाऊक आहे काय?
२. गिलगालच्या धोंड्यांसारखे आपल्या मंडळीत काय आहे? त्याची गोष्ट कोण सांगतो?
३. आपले कोणते काम अपुरे राहील असे वाटते? त्यासाठी आपण कोणास तयार करीत आहो?

प्रार्थना : हे प्रभो, आमच्या वडिलांस तू ज्या नावाने हाक मारिलीस, त्याच नावाने आमच्या मुलांसही हाक मार. आम्हांस सांगावयास तोंड दे, आणि सोपवून देण्यास मन दे. आमेन.