महामारीतील दीर्घ निर्बंध : एक सामाजिक जमाखर्च

जैन श्रावकास निर्बंध ही गोष्ट अपरिचित नाही. अमुक दिशेस अमुक अंतरापलीकडे जाणार नाही, हे दिग्व्रत; त्यातही काही काळापुरते गाव, पेठ अथवा घर एवढेच क्षेत्र ठरवून घेणे, हे देशव्रत. आपले साधुसंत वर्षायोगात चार महिने एकाच स्थानी राहतात. ह्या मर्यादा माणूस आपण होऊन स्वीकारतो आणि देशव्रत व वर्षायोग ह्यांची तर मुदतही आधीच ठरलेली असते. सन २०२० व २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीत आपणां सर्वांवर जी बंधने आली, त्यांत ह्या दोन्ही गोष्टी नव्हत्या. त्या बंधनांनी काय राखले, हे पुष्कळांनी सांगितले आहे. समाजाने त्यांची किंमत काय दिली, हे मात्र कोणत्याही वहीत नीटसे लिहिलेले आढळत नाही. ती नोंद करण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

प्रथम जमेची बाजू मांडणे न्यायाचे होईल. रोग नवा होता, औषध ठाऊक नव्हते, आणि लसीकरणास १६ जानेवारी २०२१ रोजी आरंभ झाला. एप्रिल-मे २०२१ मध्ये रुग्णालयांत खाट व प्राणवायू ह्यांसाठी झालेली धावाधाव आपल्यापैकी अनेकांनी पाहिली, कित्येकांनी घरची माणसे गमावली. तेव्हा बंधने मुळीच नकोत, असे म्हणणे अविचाराचे ठरेल. मुंबईतील प्लेगच्या वेळी १८९७ साली झालेला साथरोग कायदा २०२० मध्येही उपयोगात आला, ह्यावरून असा उपाय नवा नाही हे दिसते. परंतु त्याच १८९७ साली पुण्यात प्लेगच्या घरझडत्यांनी केवढा क्षोभ उसळला, हेही इतिहासात नोंदलेले आहे. उपाय योग्य असला तरी त्याचे माप चुकले, की समाज दुखावतो.

खर्चाच्या बाजूस पहिली रक्कम अनिश्चिततेची. २५ मार्च २०२० पासून २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली. पुढे ती ३ मे, मग १७ मे, मग ३१ मे अशी वाढत जाऊन ६८ दिवसांची झाली. पुढच्या वर्षी कर्नाटकात २७ एप्रिलपासून पुन्हा निर्बंध आले, आणि बेळगाव जिल्ह्यास २१ जूनपर्यंत ढिलाई मिळाली नाही. हुंडीची मुदत प्रत्येक वेळी पुढे ढकलली गेली, तर व्यापाऱ्याची जी अवस्था होते, ती ह्या काळात प्रत्येक कुटुंबाची झाली.

दुसरी रक्कम श्रमजीवींची. धान्य जीवनावश्यक असल्यामुळे आमच्या रविवार पेठेतील दुकानांस मुभा होती. तथापि हॉटेले, वसतिगृहे व लग्नकार्ये बंद पडल्याने मालाचा उठाव नव्हता. वाटेवरच्या खाणावळी व दुरुस्तीची दुकाने बंद असल्याने मालमोटारींची आवकही अनियमित होती. दिवाणजी मासिक पगारी असतो, हमालाची मजुरी मात्र पोत्यावर ठरते. पोते हलले नाही, तर त्याची चूल पेटत नाही. सरकारने एप्रिल २०२० पासून शिधापत्रिकेवरील प्रत्येक माणसामागे दरमहा ५ किलो धान्य विनामूल्य दिले, ही मोठीच मदत होती. परंतु ज्याची शिधापत्रिका गावी आणि पोट शहरात, त्यास ते मिळणे सोपे नव्हते. म्हणूनच माणसे शेकडो मैल पायी निघाली. ८ मे २०२० रोजी तेव्हाच्या औरंगाबादजवळ करमाड येथे रेल्वेच्या रुळांवर विसावलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले, ती घटना कोण विसरेल?

तिसरी रक्कम आप्तधर्माची. अंत्ययात्रेस २० माणसे, विवाहास ५०, अशा मर्यादा आल्या. विवाह पुढे ढकलता येतो. खांदा देणे पुढे ढकलता येत नाही. आम्हां सीमाभागातील लोकांची अडचण तर दुहेरी होती. शेजारच्या चंदगड तालुक्याचा बाजार, दवाखाना व सोयरीक बेळगावशी. पण मे २०२० मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्यांस कर्नाटकात मज्जाव झाला, आणि २०२१ मध्ये निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर तपासणीचा दाखला मागितला जाई. अर्ध्या तासाच्या वाटेवर दिलेली लेक बापाच्या शेवटच्या दर्शनास मुकली, अशी उदाहरणे आमच्या पाहण्यात आहेत. मंदिरांचीही तीच कथा. बाजार उघडले तरी मुंबईतील मंदिरे बंदच राहिली. अखेर २१ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दादर, भायखळा व चेंबूर येथील तीन जैन मंदिरे पर्युषणाच्या अखेरीस दोन दिवसांपुरती उघडण्यास अनुमती दिली.

चौथी रक्कम मुलांची. तिचे व्याज अद्याप चालूच आहे. मार्च २०२० मध्ये बंद झालेले पहिली ते पाचवीचे वर्ग कर्नाटकात २५ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडले. ग्रामीण भारतातील ‘असर’ पाहणीनुसार तिसरीतील ज्या मुलांस दुसरीचा धडा वाचता येई, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांवर आले. आपल्या घरची मुले भ्रमणध्वनीवर शिकली. हमालाच्या घरी एकच यंत्र, तेही बाप कामावर नेई.

आता पाचवी रक्कम. ती सरकारच्या नावे नसून माझ्या स्वतःच्या नावे आहे. एका खेड्यातील किरकोळ दुकानदाराचे माझ्याकडे बावीस वर्षांचे खाते होते. एप्रिल २०२० मध्ये पैसा अडकेल ह्या भीतीने मी त्यास, ‘रोखीशिवाय माल नाही,’ असा निरोप धाडला. त्याने निमूटपणे आपल्या गावातील मजुरांची उधारी थांबविली. वर्षभराने तो आला, मागील बाकी पैन् पै चुकती केली, पाणी पिऊन निघाला, तो पुन्हा पेढीची पायरी चढला नाही. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत बंध व अन्नपाननिरोध ही नावे आपण लहानपणापासून पाठ म्हणतो. कोणास बांधून ठेवणे आणि कोणाचे अन्नपाणी रोखणे, हे दोन्ही दोष. पहिल्याबद्दल आपण शासनास बोल लावतो. दुसरा माझ्या हातून एका निरोपाने घडला.

ह्यावरून पुढील साथीसाठी काही धडे घ्यावेत, असे वाटते. बंधन घालतानाच त्याची मुदत आणि ते उठविण्याची अट जाहीर व्हावी, अशी मागणी आपल्या संघाने आतापासून शासनाकडे नोंदवावी. २०२१ मध्ये दुकाने सकाळी ६ ते १० एवढीच उघडी ठेवल्याने दिवसभराचे गिऱ्हाईक चार तासांत लोटले. गर्दी टाळण्यासाठी वेळ कमी करण्याऐवजी वाढविणेच शहाणपणाचे, हे व्यापाऱ्यांनी अधिकाऱ्यांस पटवून द्यावे. ज्या निर्बंधाने रोग हटत नाही, केवळ माणूस पिडतो, तो आपल्या शास्त्राच्या भाषेत अनर्थदंडच होय. आजारी माणसाची शुश्रूषा व मृताचा निरोप ह्यांस सर्वांत अखेरीस हात लावावा, आणि शाळा सर्वांत आधी उघडाव्यात. संघापुरते बोलावयाचे, तर प्रत्येक पेढीने उलाढालीतील अल्पसा अंश हमालनिधीस द्यावा, आणि संकटकाळी जुन्या खातेदाराची उधारी एकाएकी तोडू नये, असा ठराव करावा.

येत्या क्षमावाणीच्या दिवशी मी त्या दुकानदाराच्या गावी जाणार आहे. त्याची बाकी त्याने केव्हाच फेडली; माझी अजून उभी आहे.