लढाऊ विमान चालवायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : मी दहावीत शिकते. हवाई दलात वैमानिक व्हायची इच्छा आहे. आत्तापासून काय करावं? मुलींना संधी मिळते का?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : नक्की मिळते. 2016 साली तीन तरुणी भारतीय हवाई दलाच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या आणि 2022पासून पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे, म्हणजे एनडीएचे दरवाजेही मुलींना उघडले.

अकरावीला विज्ञान शाखाच घे. हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवेतच. एनडीएची लेखी परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. लेखी 900 गुणांची, त्यात गणित 300. पुढे सेवा निवड मंडळाची, म्हणजे एसएसबीची मुलाखतही 900 गुणांची, म्हणजे निम्मं यश व्यक्तिमत्त्वावर ठरतं. ते ऐनवेळी पाठ करून येत नाही. मैदानी खेळ खेळ, रोज वर्तमानपत्र वाच, चार लोकांत स्पष्ट बोलायची सवय लाव.

वैमानिकांसाठी वेगळी संगणकीय चाचणीही असते. ती आयुष्यात एकदाच देता येते, म्हणून त्या दिवशी शांत झोप घेऊन जा.

डोळे आणि रंगदृष्टी आजच तपासून घे. त्यात अडचण निघाली तरी खचू नकोस. हवाई दलात जमिनीवरच्या जबाबदाऱ्याही तेवढ्याच मोलाच्या आहेत. एनडीए हुकलं, तर पदवीनंतर हवाई दलाची प्रवेश परीक्षा एएफकॅट आहेच.

नाशिकला मुलींसाठी शासनाची सैनिकी सेवा पूर्वतयारी संस्था आहे. दहावीनंतरच्या तिथल्या प्रवेशाची चौकशी आत्ताच कर.