पीओपीवरचा डबा

31 वर्षं मी पूर्णा जंक्शनवर टीएक्सआर, म्हणजे गाडीचे डबे तपासणारा, होतो. गाडी लागली की हातोडी घेऊन डब्याखाली वाकायचं आणि ठोका द्यायचा. धड असेल ते खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. असा माणूस पुण्यात जाऊन बद्द वाजणाऱ्या फरश्यांचा फ्लॅट घेऊन आला, म्हणून रेल्वे कॉलनीत अजून माझी थट्टा चालते. करू द्या. पण ज्यानं विकला त्याला कुणी काही म्हणत नाही, घेणाऱ्यालाच सगळे शहाणपण शिकवतात, याचा मला संताप आहे. म्हणून हे लिहितोय.

रिटायरमेंटचा पैसा हातात होता, पोरगी पुण्यात नोकरीला आणि दर 11 महिन्यांनी तिचं घर बदलणं. सारसबागेजवळ, पूर्ण रिनोव्हेट केलेला वन बीएचके, 38 लाख, असं एजंटानं कळवलं. पनवेल गाडीनं रात्रभर बसून आम्ही दोघं गेलो. फेब्रुवारी होता. आधी एजंटानं तळ्यातल्या गणपतीचं दर्शन घडवलं, बागेतून फिरवलं, आणि मग फ्लॅट दाखवला. हा क्रम मुद्दाम होता, हे आता कळतं. घर कसलं, शोरूमच. हॉलला पीओपीचं सीलिंग, त्यात पिवळे दिवे, नवा ओटा, चकाचक फरशी. खिडकीतून दोन बिल्डिंगांच्या फटीत बागेतल्या झाडांचे शेंडे दिसत होते. त्या शेंड्यांचे वेगळे पैसे लागले असणार.

"काका, तुम्ही फक्त बॅगा घेऊन या," एजंट म्हणाला.

ही मात्र हळूच म्हणाली, "विकायचंच होतं तर एवढा खर्च कशाला केला असंल ओ त्यांनी?" मी तिला गप्प केलं. हे इथं कबूल करतो, घरी अजून केलेलं नाही.

जुलैत संततधार लागली. एका रात्री पोरीचा फोन आला, "पप्पा, दिव्यातून पाणी पडायलंय." मी दुसऱ्या दिवशी पोचलो. वरच्या मजल्यावरच्या बाईंचं दार वाजवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, बाहेरच्या पाइपातून आमच्या बाथरूमच्या भिंतीत पाणी येतं. पावसाळ्यात तुमच्याकडे उतरतं. तीन वर्षं झाली. तुमच्या आधीच्यांना सगळं माहीत होतं की!" आणि सोसायटीला दिलेल्या पत्राची झेरॉक्सच पुढे केली. खाली फ्लॅट विकणाऱ्याची सही.

मिस्त्री बोलावून पीओपी फोडलं. आत स्लॅबच्या सळया गंजून फुगलेल्या, आणि त्यांच्या बरोब्बर खाली, सीलिंगच्या फ्रेमवर, अर्धा कापलेला रंगाचा 20 लिटरचा डबा. पाण्यानं काठोकाठ भरलेला. वरून थेंब पडत होते आणि डबा शांतपणे सांडत होता. मी डबा उतरवून लेबल वाचलं. हॉलच्या भिंतींना होता तोच रंग, तीच शेड. म्हणजे गळती आहे हे माहीत असूनच भिंती रंगवल्या, डबा वर ठेवला आणि मग सीलिंग बंद केलं. शिडीवर उभा राहून मी त्या डब्याकडे किती वेळ पाहत होतो कोण जाणे. 38 लाख जाण्याचं दुःख वेगळं. पण कुणीतरी शांत डोक्यानं तो डबा मोजून कापला होता.

विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, 'आहे त्या स्थितीत' म्हणून सही केलीय तुम्ही." पुढे फोन उचलणंच बंद. एजंटाचं दलाली घेण्यापुरतंच तोंड.

वकिलानं सांगितलं ते लिहून ठेवा. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882, कलम 55: विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष सांगणं विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. वर ते म्हणाले, "कलम तुमच्या बाजूनं आहे काका, पण तारखांना पूर्णेहून येणार का?"

म्हणून आधीच पाहा. नवं सीलिंग दिसलं की एक दिवा उतरवून भोकातून मोबाइलच्या उजेडात वर बघा. मालक नको म्हणाला तर तिथूनच परत फिरा. फरशी आणि बाथरूमच्या टाइल्स नाण्यानं ठोका; जुन्यावर नवी चिकटवलेली असली की बद्द वाजते. मी हे केलं नाही, कारण कोट घातला होता आणि चार लोकांत वाकून ठोकायची लाज वाटली. घर फेब्रुवारीत आवडलं तरी जुलैत पाहून घ्या. वरच्या आणि खालच्या शेजाऱ्याला एजंट नसताना भेटा, हातात पेढे न्या. सेक्रेटरीकडून गळतीचा पत्रव्यवहार आणि स्ट्रक्चरल ऑडिट मागा. 30 वर्षांवरच्या इमारतीचं ते दर तीन वर्षांनी व्हायला हवं. बाहेरच्या पाइपांची आणि गच्चीची गळती सोसायटीकडे, पण वरच्या घराच्या आतल्या नळ-बाथरूमची गळती त्या-त्या सदनिकाधारकांकडे असते. हे माहीत नसलं की सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.

टेप घेऊन जा. मला 590 स्क्वेअर फूट सांगितलं होतं, पोरीनं मोजलं तर 405. "ते सेलेबल होतं काका," म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून. आणि जी बेडरूम म्हणून दाखवली तिचा तिसरा हिस्सा मंजूर नकाशात बाल्कनी आहे.

कागद नीट वाचा, घाई करू नका, हे सगळेच सांगतात. मलाही सांगितलं होतं. त्यापेक्षा हे लक्षात ठेवा. फ्लॅट फक्त बाईच्या नावावर घेतला असता तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत होती, म्हणजे आमचे 38 हजार वाचले असते. आणि सोसायटीनं हस्तांतरणासाठी 25 हजारांवर मागितलं तर 9 ऑगस्ट 2001 चं सरकारी परिपत्रक दाखवा. मी 'विकास निधी' म्हणून 60 हजार देऊन पावती नीट घडी करून ठेवलीय.

आमच्या पूर्णेत काळी माती. घराला भेग पडते ती सगळ्यांना दिसते, कुणी झाकत नाही, पाव्हण्याला आपणच दाखवतो.

स्लॅबच्या दुरुस्तीचा खर्च कुणी द्यायचा यावर येत्या रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. पनवेल गाडीचं रिझर्व्हेशन झालंय. सामान फार नाही, एक पिशवी आणि तो डबा.