श्रद्धेचें समर्थन



गेल्या श्रावणांत नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "सर, तुमचा धर्म इंग्रजांनीं आणला ना?" प्रश्नांत खोडसाळपणा नव्हता. मुलगा वारकरी घराण्यांतील. त्याचे आजोबा दरसाल पंढरीस जातात. त्यास खरोखरच जाणून घ्यावयाचें होतें. वर्गांतील चार-दोन ख्रिस्ती मुलांनीं मात्र माना खालीं घातल्या, आणि त्या माना पाहूनच हा लेख लिहावा असें आमच्या मनानें घेतलें.

आधीं आमचीच एक चूक सांगतों. कॉलेजांत असतां आम्हीं संत थॉमस अक्वायनस यांचीं ईश्वराच्या अस्तित्वाविषयींचीं पांच प्रमाणें तोंडपाठ केलीं होतीं. एके रात्रीं वसतिगृहाच्या गच्चीवर, स्वतःस नास्तिक म्हणविणाऱ्या एका जिवलग मित्रास आम्हीं त्यांच्या बळावर निरुत्तर केलें. वाद आम्हीं जिंकला. तो मित्र पुन्हां आमच्या खोलीवर फिरकला नाहीं. प्रमाणें खोटीं नव्हतीं, तीं आजही आम्हांस पटतात. परंतु पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय पाहा. श्रद्धेचें कारण विचारणाऱ्यास उत्तर देण्याची तयारी ठेवावी असा उपदेश तेथें आहे, आणि त्यालाच जोडून तें उत्तर नम्रपणें, समोरच्याचा मान राखून द्यावें असेंही बजाविलें आहे. आम्हीं उपदेशाचा पूर्वार्ध तेवढा उचलला होता. आज मोबाइलवर धर्माविषयीं ज्या चकमकी चालतात, त्यांत आमचेच विद्यार्थी खोचक चित्रें इकडून तिकडे धाडतांना दिसतात, तेव्हां ती गच्ची आम्हांस आठवते.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. केरळांतील थोमा ख्रिस्ती समाज इंग्रजांहून शतकानुशतकें जुना आहे, हें एक उत्तर झालें. पण आपल्या भाषेपुरतें बोलावयाचें तर गंमत अशी कीं, एक इंग्रज आला होता खरा. त्याचें नांव थॉमस स्टीफन्स. १५७९ सालीं तो गोव्यास उतरला, तेव्हां ईस्ट इंडिया कंपनीच्या स्थापनेस अद्याप २१ वर्षें अवकाश होता. तो राज्यकर्त्यांचा प्रतिनिधि नव्हता. त्याच्या मायदेशीं त्या काळीं कॅथलिक धर्मगुरु असणें हाच अपराध गणला जाई. एडमंड कॅम्पियन या त्याच्या संघबंधूस १५८१ सालीं लंडनांत फांसावर चढविण्यांत आलें. स्टीफन्सनें साष्टी प्रांतांत राहून कोंकणी व मराठी या दोन्ही भाषा आत्मसात् केल्या. आपल्या शिष्यांस त्यांच्याच वाणींत वाचावयास व ऐकावयास कांहीं असावें, म्हणून त्यानें जवळजवळ ११ हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण रचिलें. १६१६ सालीं रायतूर येथें तें रोमन लिपींत छापून निघालें. ज्या ओवी छंदांत ज्ञानेश्वरी आहे, आणि ज्यांत आपल्या अंबाजोगाईस समाधि असलेल्या मुकुंदराजांचा विवेकसिंधु आहे, तोच छंद त्यानें निवडला.

येथें कोणी म्हणेल, आणि त्यानें म्हणावेंच, कीं त्याच गोव्यांत १५६० सालीं धर्मन्यायसभा बसली होती. तें खरें आहे. १६८४ सालीं तर पोर्तुगीज सरकारनें हुकूम काढून लोकांच्या भाषेवरच घाव घातला. स्टीफन्सच्या ग्रंथाच्या त्या शतकांतील तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हातीं नाहीं. लोकांनीं हस्तलिखितांच्या रूपानें तो जपला, म्हणून १९०७ सालीं मंगळुरास पुन्हां छापतां आला. हा इतिहास झांकून श्रद्धेचें समर्थन होत नाहीं. विचारणाऱ्यास आम्ही तो आधीं सांगतों, मग ख्रिस्तपुराण पुढें ठेवितों.

आपल्या शेजारचें व अलीकडील उदाहरण घ्या. उस्मानाबाद, म्हणजे आतांचें धाराशिव, येथें जानेवारी २०२० मध्यें ९३ वें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें. अध्यक्ष होते वसईकडील नंदाखाल गांवीं १९४२ सालीं जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो. कॅथलिक धर्मगुरूस हा मान कां, असा आक्षेप निघाला, आणि विरोध धमक्यांपर्यंत गेला. फादरांपाशीं याचें उत्तर निवडीपूर्वींच तयार होतें, तें म्हणजे त्यांचें आयुष्य. १९८३ पासून २००७ पर्यंत त्यांनीं 'सुवार्ता' मासिक चालविलें. त्यांच्या 'सुबोध बायबल' या भाषांतरास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या बागायतीवर शहरी बांधकामाचें संकट आलें व टँकरवाले तेथील विहिरी उपसूं लागले, तेव्हां हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखालीं सर्व धर्मांच्या गांवकऱ्यांसह ते रस्त्यावर उतरले. आष्टी-पाटोद्याकडील ज्या मुलांनीं टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगेंत दिवस घालविले आहेत, त्यांस पाण्यासाठीं झालेल्या त्या लढ्याचें मोल निराळें समजावून सांगावयास नको.

आम्ही त्या संमेलनास एस.टी.नें गेलों होतों. पाठीच्या दुखण्यानें बेजार असूनही फादर आले, आणि असहिष्णुतेविरुद्ध स्पष्ट बोलले. आमच्या शेजारीं केज तालुक्यांतील एक वृद्ध गृहस्थ बसले होते. ते म्हणाले, "मास्तर, ह्यो बाबा तर आपल्यावाणीच बोलतोय की!" २५ जुलै २०२४ रोजीं फादर निवर्तले, तेव्हां आम्हांस प्रथम आठवले ते हेच गृहस्थ.

इतर धर्मांचा आदर केला कीं आपली श्रद्धा पातळ होते, अशी भीति आमच्यांतील कांहींस वाटते. २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें अन्य धर्मांतील सत्य व पवित्र गोष्टींस मान दिला, तेव्हांही ती वाटली होती. आमचा अनुभव उलट आहे. घाबरते ती बहुधा न अभ्यासिलेली श्रद्धा. म्हणून धर्मशिक्षणाचा तास बुडविणाऱ्यांवर आमचा राग अधिक.

मात्र अभ्यास नसलेल्यांनाही उत्तर सुचतें. दसरा-दिवाळी होतांच आपल्या जिल्ह्यांतील कोयते साखर कारखान्यांकडे निघतात, आणि नाताळ उसाच्या फडांत येतो. एका विद्यार्थ्यानें आम्हांस सांगितलें कीं, त्याच्या आईनें त्या रात्रीं कोपीच्या दारांत कंदील टांगला. मुकादमानें विचारलें, "हे काय गं?" ती कधीं शाळेंत गेलेली नाहीं. म्हणाली, "आमचा देव असाच कोपींत जन्मला, दादा." मुकादम कांहीं बोलला नाहीं; थोड्या वेळानें त्यानें मुलांसाठीं गुळाचा खडा पाठविला.

श्रावणांतल्या त्या मुलास आम्हीं ख्रिस्तपुराणाचीं देवनागरींतील दोन पानें वाचावयास दिलीं. प्रथम तो अडखळला. मग घरीं आजोबा पारायणाच्या वेळीं जो सूर लावतात तो त्यानें लावला, आणि ओव्या आपोआप चालूं लागल्या. मघाशीं माना घातलेलीं मुलें वर पाहूं लागलीं. पान संपल्यावर त्यानें विचारलें, "सर, पुढचं पान कुठं आहे?"